केमिस्ट्रीचे ‘कोअर’ धडे कोणते? बारावी आणि ॲडव्हान्स्ड एकत्र देणाऱ्यांसाठी

इंदूरच्याच एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. सीबीएसई बारावीला आहे, जेईई ॲडव्हान्स्डचीही तयारी चालू आहे, दिवाळी होऊन गेली, क्लासच्या मॉड्यूल्सचा ढीग साचलाय आणि अकरावीचा बॅकलॉग तसाच आहे. ‘केमिस्ट्रीतले कोअर टॉपिक्स तेवढे सांगा, तेच पक्के करते, बाकीचे सोडून देते,’ असं ती म्हणते. मी बरीच वर्षं इथेच, इंदूरच्या रामबागेत, घरीच अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते, तेव्हा हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळा, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जास्त मार्क कुठल्या धड्यांना, हा एक. कुठल्या धड्यावाचून बाकीचे अडतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सीबीएसईच छापून देतं. अलीकडची ७० मार्कांची विभागणी अशी आहे: इलेक्ट्रोकेमिस्ट्री ९, अल्डिहाइड-कीटोन-कार्बोक्झिलिक ॲसिड ८, सोल्यूशन्स, कायनेटिक्स, डी-एफ ब्लॉक, कोऑर्डिनेशन आणि बायोमोलेक्यूल्स प्रत्येकी ७, हॅलोअल्केन, अल्कोहोल-फिनॉल आणि अमाइन्स प्रत्येकी ६. आता या यादीत काय नाही ते बघ. मोल कन्सेप्ट नाही, इक्विलिब्रियम नाही, बाँडिंग नाही, जीओसी (जनरल ऑरगॅनिक केमिस्ट्री) नाही. ते सगळं अकरावीचं, म्हणून त्यांच्या नावावर एक मार्कही नाही. आणि तुझा बॅकलॉग नेमका तिथेच आहे. मार्कांच्या यादीवरून अभ्यास ठरवलास, तर ज्यामुळे गाडी अडते तेच बाजूला राहील.

आधी परीक्षेप्रमाणे काय बदलतं ते सांगते. एनसीईआरटीची पुस्तकं छाटल्यापासून अकरावीत ९ आणि बारावीत १० युनिट्स उरलीत. फक्त बोर्ड द्यायचं असेल, मग सीबीएसई असो की आपली माशिमं (मध्य प्रदेशचं माध्यमिक शिक्षा मंडळ), तर ही पुस्तकं ओळ न् ओळ वाचून आणि मागचे प्रश्न सोडवून काम भागतं. नीटवाल्या मुलांनाही पुस्तकाची भाषा पाठ असण्याचा फायदा होतो. ॲडव्हान्स्डचं तसं नाही. पुस्तकातून गेलेला सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पी-ब्लॉकचा मोठा भाग, धातू वेगळे काढण्याच्या पद्धती, पॉलिमर्स हे ॲडव्हान्स्डच्या अभ्यासक्रमात आहेत. दरवर्षी वेगळी आयआयटी परीक्षा घेते आणि माहितीपत्रक काढते. त्यातला अभ्यासक्रम उतरवून भिंतीला लाव. क्लासच्या मॉड्यूलची अनुक्रमणिका त्याला पर्याय नाही, कारण मॉड्यूल्स कितीतरी वर्षं जुनी चालत राहतात. तुझ्या मॉड्यूलमध्ये एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाबाला) वायूचं मोलर आकारमान २२.४ लिटर दिलंय का बघ. एनसीईआरटीत १ बार दाबाला २२.७ आहे. प्रश्नात दाब काय दिलाय ते न बघता आकडा टाकणारी मुलं हातचे मार्क घालवतात.

पुढचं सगळं, तुला बोर्ड आणि ॲडव्हान्स्ड दोन्ही द्यायच्या आहेत, असं धरून लिहितेय.

माझी पद्धत सांगते. मुलाने चुकलेलं गणित आणलं की मी उत्तर बघत नाही. वही शेवटून वर वाचत जाते आणि चूक पहिल्यांदा कुठल्या ओळीत शिरली ते शोधते. वरती नाव असतं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं, चूक असते इलेक्ट्रॉनचे मोल मोजण्यात. वरती अमाइन्स, आत बेसिसिटीचा क्रम, आणि गडबड रेझोनन्समध्ये. हे इतक्या वेळा बघितलंय की ‘कोअर’ची माझी व्याख्या साधी झाली आहे: ज्या धड्यातली चूक दुसऱ्या धड्याच्या नावाखाली सापडते, तो कोअर. असे चारच गठ्ठे निघतात. मोल आणि रेडॉक्स, इक्विलिब्रियम (त्यात गिब्ज ऊर्जा आणि सेल पोटेन्शियलही धर), बाँडिंग, आणि जीओसी.

मोल कन्सेप्ट ‘येतो’ असं सगळेच म्हणतात. मी हे एक गणित देते: ८० टक्के शुद्ध ५ ग्रॅम चुनखडी १०० मिलि १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकली. किती कार्बन डायऑक्साइड निघेल, आणि उरलेल्या द्रावणाचा पीएच काय? कॅल्शियम कार्बोनेट ४ ग्रॅम, म्हणजे ०.०४ मोल. त्याला ॲसिड लागतं ०.०८ मोल, आहे ०.१. म्हणजे ॲसिड उरतं, कार्बोनेट संपतं. वायू ०.०४ मोल, १ बारच्या एसटीपीला साधारण ०.९१ लिटर. ॲसिड ०.०२ मोल १०० मिलिमध्ये उरलं, म्हणजे ०.२ मोलर, पीएच ०.७. कागदावर चार ओळी. पण अर्धी मुलं शुद्धता विसरतात, आणि उरलेल्यांतली बरीच ‘उरलेलं द्रावण’ म्हटल्यावर थबकतात. हे तुला न अडखळता, कॅल्क्युलेटरशिवाय, पाच मिनिटांत जमलं तर मोल कन्सेप्टचा धडा पुन्हा वाचू नकोस, थेट रेडॉक्सकडे जा. नाही जमलं तर आधी तो धडा, मग बाकी सगळं.

रेडॉक्समध्ये एन-फॅक्टर, म्हणजे एका मोलमागे किती मोल इलेक्ट्रॉन दिले-घेतले, ते समजून घे. पोटॅशियम परमँगनेट आम्लात ५ इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्झॅलेट २ देतं, फेरस १ देतं. मग फेरस ऑक्झॅलेट? त्यातलं लोखंडही ऑक्सिडाइज होतं आणि ऑक्झॅलेटही, म्हणून ३. पाच मोल फेरस ऑक्झॅलेटला तीन मोल परमँगनेट. सूत्र पाठ करणारा इथे हमखास २ किंवा १ टाकतो.

आता इक्विलिब्रियम. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तूही घालवावास असं मला वाटतं. एकच प्रयोग घेऊन बस. शंकूपात्रात २५ मिलि ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ॲसिडचा पीकेए (आयनीकरण स्थिरांक केए, त्याचा उणे लॉग) ४.७४. पाच ठिकाणी थांबून पीएच काढ.

सुरुवातीला नुसतं दुर्बल ॲसिड आहे. हायड्रोजन आयन म्हणजे केए गुणिले सांद्रता, त्याचं वर्गमूळ. पीएच येतो २.८७. दहा मिलि अल्कली पडल्यावर ॲसिडचे १५ भाग उरले, मीठाचे १० झाले. आता वर्गमूळ चालत नाही, हा बफर झाला. ४.७४ अधिक लॉग १० भागिले १५, म्हणजे ४.५६. साडेबाराला दोन्ही समान, लॉग शून्य, पीएच बरोबर पीकेए. पंचविसाव्या मिलिला ॲसिड संपलं. मुलं इथे सवयीने ७ लिहितात. पात्रात आता फक्त सोडियम ॲसिटेट आहे, तेही ५० मिलिमध्ये पसरलेलं, म्हणजे ०.०५ मोलर. ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन घेतं, हायड्रॉक्साइड तयार होतं, पीएच ८.७२. आणि आणखी एकच मिलि घातलास, तर जादा अल्कली ०.१ मिलिमोल ५१ मिलिमध्ये, पीएच ११.२९ वर उडी मारतो.

या पाच थांब्यांवर काय काय आलं बघ: दुर्बल ॲसिडचं आयनीकरण, बफर, मीठाचं हायड्रॉलिसिस, सांद्रता बदलल्याचं भान, आणि मोल. शिवाय इंडिकेटर का निवडतात तेही. फिनॉल्फ्थॅलीन साधारण ८.३ ते १० मध्ये रंग बदलतं, म्हणजे नेमकं त्या उडीच्या जागी. मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं, म्हणजे निम्मी अल्कली पडायच्या आतच रंग पालटून मोकळं. आता ॲसेटिक ॲसिडच्या जागी अमोनिया आणि ब्युरेटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन हेच पाच थांबे स्वतः कर. एवढं जमलं की आयनिक इक्विलिब्रियमचा मोठा भाग हातात आला म्हणून समज. सूत्रांचा तक्ता करण्यापेक्षा ‘आत्ता पात्रात नेमकं काय काय आहे’ हा प्रश्न प्रत्येक थांब्यावर विचारायची सवय लाव.

सॉल्युबिलिटी प्रॉडक्टही (केएसपी) असाच शिक. शाळेच्या लॅबमध्ये सॉल्ट ॲनालिसिस करताना तिसऱ्या ग्रुपला आधी अमोनियम क्लोराइड आणि मग अमोनियम हायड्रॉक्साइड घालायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते विचारलं की शांतता. अमोनियम आयन आधीच भरपूर असल्यामुळे हायड्रॉक्साइडचं प्रमाण खूप खाली राहतं. तेवढ्याशा हायड्रॉक्साइडला फेरिक आणि ॲल्युमिनियम खाली बसतात, कारण त्यांचे केएसपी अतिशय कमी आहेत. मॅग्नेशियमला तेवढं पुरत नाही, म्हणून ते द्रावणात राहतं आणि सहाव्या ग्रुपमध्ये भेटतं. दुसऱ्या ग्रुपचं हायड्रोजन सल्फाइड आम्लात आणि चौथ्याचं अमोनियायुक्त द्रावणात का, त्याचं उत्तरही हेच. कॉपर सल्फाइडचा केएसपी १० च्या उणे ३६ व्या घाताच्या घरातला, झिंक सल्फाइडचा उणे २४ च्या. आम्लात सल्फाइड आयन इतके कमी राहतात की कॉपर बसतं, झिंक बसत नाही. हा एक तक्ता समजला की क्वालिटेटिव्ह ॲनालिसिस पाठ करायचा धडा उरत नाही, आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलचंही काम होतं.

घरात करून बघण्यासारखं उदाहरण हवं असेल तर गिझरची कॉइल बघ. नर्मदेचा नळ नसतो तेव्हा आपण बोरिंगचं पाणी चालवतो, आणि त्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, समतोल कार्बोनेटकडे सरकतो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. त्यावर लिंबाचा रस टाकला की ॲसिड कार्बोनेट खातं आणि थर सुटतो. ल शातलिएचं तत्त्व, केएसपी आणि ॲसिड-बेस, तिन्ही एकाच कॉइलवर.

याच गठ्ठ्यात गिब्ज ऊर्जा आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री का घातली, ते सांगते. डेल्टा-जी-नॉट (गिब्ज ऊर्जेतला प्रमाण बदल), समतोल स्थिरांक आणि ई-नॉट (प्रमाण सेल पोटेन्शियल) ही तीन वेगवेगळी सूत्रं नाहीत. अभिक्रिया कुठवर जाईल, याचंच उत्तर तीन एककांत दिलेलं आहे. डॅनियल सेल घे. ई-नॉट १.१० व्होल्ट, इलेक्ट्रॉन २. त्यातून डेल्टा-जी-नॉट उणे २१२.३ किलोज्यूल. आणि २ गुणिले १.१० भागिले ०.०५९ केलं की समतोल स्थिरांकाचा लॉग ३७.३, म्हणजे स्थिरांक साधारण २ गुणिले १० चा ३७ वा घात. व्होल्टमीटरवर एक व्होल्टच्या जरासा वर दिसणारा आकडा आणि ‘अभिक्रिया जवळजवळ शेवटपर्यंत जाते’ हे एकच विधान आहे, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की थर्मोडायनॅमिक्सची भीती बरीच कमी होते. थर्मोडायनॅमिक्समध्ये मुलं अडतात ती चिन्हांवर. केमिस्ट्रीत वायूवर केलेलं काम धन धरतात, फिजिक्सच्या पुस्तकात वायूने केलेलं. दोन्ही विषय एकाच संध्याकाळी करत असशील तर वहीत वर लिहून ठेव.

ई-नॉटचा तक्ता इनऑरगॅनिकमध्येही वापर. परमँगनेटचं टायट्रेशन सल्फ्युरिक ॲसिडमध्येच का? परमँगनेटचा ई-नॉट १.५१, क्लोरीनचा १.३६. म्हणजे हायड्रोक्लोरिक घेतलंस तर परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करेल आणि रीडिंग जास्त येईल. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, म्हणून तेही नको. क्युप्रिक आयोडाइड का मिळत नाही? क्युप्रिक आयन आयोडाइड आयनचं आयोडीन करतं आणि स्वतः क्युप्रस होऊन खाली बसतं. लेड टेट्राक्लोराइड आहे, टेट्राआयोडाइड का नाही? चार धन लेड इतकं तीव्र ऑक्सिडायझर आहे की आयोडाइड त्याच्यापुढे टिकत नाही. पी-ब्लॉकमधली अशी कितीतरी वाक्यं मुलं रट्टा मारून लक्षात ठेवतात. ती या तक्त्यात आणि इनर्ट पेअर इफेक्टमध्ये (जड मूलद्रव्यांत एस-इलेक्ट्रॉनची जोडी बंधात न उतरणं) बसवली की पाठ करायचं निम्म्यावर येतं.

निम्म्यावर म्हणतेय, शून्यावर नाही. ‘समजलं की पाठ करावं लागत नाही’ हे इनऑरगॅनिकबद्दल मला खरं वाटत नाही. अवक्षेपांचे रंग, ऑक्सोॲसिडच्या रचना, कुठल्या धातूचं कुठलं खनिज, हे पाठच लागतं. त्यासाठी वेगळा दिवस देऊ नको. रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं, झाकून, लिहून. वाचून नाही.

बाँडिंगबद्दल थोडक्यात. संकरण, व्हीएसईपीआर (इलेक्ट्रॉन-जोड्यांवरून रेणूचा आकार) आणि मॉलिक्युलर ऑर्बिटलचे क्रम नीट असले की कोऑर्डिनेशन अर्धं झालं. निकेलच्या तीन संयुगांवर स्वतःला तपास. टेट्रासायनोनिकलेट चौरस सपाट आणि डायमॅग्नेटिक. टेट्राक्लोरोनिकलेट चतुष्फलकी, दोन एकाकी इलेक्ट्रॉन, २.८३ बोर मॅग्नेटॉन. निकेल कार्बोनिल चतुष्फलकी आणि तरी डायमॅग्नेटिक. तिन्हींची कारणं निकेलच्या ऑक्सिडेशन स्थितीपासून सुरू करून सांगता आली तर ठीक. तिसऱ्यात निकेल शून्यावर आहे हे निसटलं तर पुढचं सगळं निसटतं. आयसोमर मोजण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. तिथे कागदावर चित्रं काढायचा कंटाळा करणारी हुशार मुलंही फसतात.

जीओसी. क्लासमध्ये हा धडा अकरावीच्या शेवटी घाईत उरकतात, आणि मग बारावीत मुलं नेम्ड रिॲक्शन्सच्या वह्या भरतात. त्या वह्या देखण्या असतात, दोन-तीन रंगांत. पण ॲडव्हान्स्डमध्ये नाव विचारत नाहीत. समोर अनोळखी रेणू ठेवतात आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातील ते विचारतात. म्हणून इंडक्टिव्ह, रेझोनन्स, हायपरकॉन्जुगेशन, कार्बोकॅटायन-कार्बॅनायनची स्थिरता आणि स्टिरिओकेमिस्ट्री हे पाच भाग हात बसेपर्यंत कर.

जीओसी आणि इक्विलिब्रियम एकमेकांत किती मिसळलेत, त्याचं माझं आवडतं उदाहरण ॲनिलीनच्या नायट्रेशनचं आहे. अमिनो गट ऑर्थो-पॅरा नेणारा, हे पाठ असतं. पण थेट नायट्रेशन केलं तर पॅरा ५१ टक्के, मेटा ४७ आणि ऑर्थो फक्त २, हे आकडे एनसीईआरटीतच आहेत. मेटा इतकं कुठून आलं? तीव्र ॲसिडमध्ये ॲनिलीनने प्रोटॉन घेतला आणि ॲनिलिनियम झालं. नायट्रोजनवरची जोडी अडकली, आता तो गट इलेक्ट्रॉन ओढतो आणि मेटाकडे पाठवतो. मग जवळजवळ सगळंच ॲनिलिनियम असताना मेटा ९०-९५ टक्के का नाही? कारण उरलेलं मूठभर मोकळं ॲनिलीन कितीतरी पटींनी वेगात अभिक्रिया करतं, आणि ते संपत गेलं की समतोल पुन्हा थोडं ॲनिलीन पुरवतो. एका ओळीच्या प्रश्नात ॲसिड-बेस समतोल, डायरेक्टिव्ह इफेक्ट आणि वेग, तिन्ही. हेच ॲनिलीन आधी ॲसिटाइल करून घेतलं की पॅरा का मुख्य मिळतं, ते आता तुझं तू सांग.

तसंच फिनॉल. ते सोडियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड का काढत नाही आणि बेंझोइक ॲसिड का काढतं? फिनॉलचा पीकेए १०, कार्बोनिक ॲसिडचा ६.४, बेंझोइकचा ४.२. दोन आकड्यांची वजाबाकी केली की समतोल स्थिरांकाचा लॉग मिळतो. फिनॉलला उणे ३.६, बेंझोइकला अधिक २.२. पिक्रिक ॲसिडचा पीकेए ०.४ च्या आसपास, म्हणून नाव फिनॉलचं असलं तरी ते बायकार्बोनेटला फेस आणतं. ‘फिनॉल देत नाही, ॲसिड देतं’ असं पाठ केलेली मुलं इथेच अडकतात.

बाकीचे धडे लवकर होतात. सोल्यूशन्समध्ये व्हान्ट हॉफ फॅक्टर (द्रावणात कणांची संख्या किती पटींनी बदलली) नीट बघ. बेंझिनमध्ये बेंझोइक ॲसिडचे डायमर होतात आणि फॅक्टर १ च्या खाली येतो, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कायनेटिक्स हा बोर्डाचा सगळ्यात कमी कष्टाचा धडा आहे. फर्स्ट ऑर्डरमध्ये ९९.९ टक्के पूर्ण व्हायला किती अर्धायुष्यं? हजारावा भाग उरला, आणि २ चा दहावा घात १०२४, म्हणून जवळजवळ १०. असं डोक्यात करायला शीक, कारण बोर्डात ना लॉग टेबल ना कॅल्क्युलेटर, आणि ॲडव्हान्स्डमध्येही कॅल्क्युलेटर नाही. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, लॉग ७ म्हणजे ०.८४५. एवढ्यावर बहुतेक गणितं निघतात.

सॉलिड स्टेट नव्या पुस्तकात नाही म्हणून मुलं त्याला घाबरतात, पण ॲडव्हान्स्डसाठी तो लहान आणि फायद्याचा धडा आहे. घनाकृती जाळ्या, पोकळ्या, घनतेचं सूत्र, दोष, संपलं. (स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी कशी उलगडतात याचं कुतूहल असेल, तर आपल्याच इंदुरात कॅटला (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे. अशा कामासाठी देशभरातून लोक तिथे येतात.) बायोमोलेक्यूल्स बोर्डासाठी ७ मार्कांचं आहे, ते पुस्तकातूनच कर. पॉलिमर्स, सरफेस, पर्यावरण हे सगळ्यात शेवटी, आणि तेही वाचून. पूर्ण सोडू नको. एखादा सरळ प्रश्न येतो आणि तो हुकला की चुटपुट लागते.

आता क्रम. आधी मोल आणि रेडॉक्स, मग थर्मोडायनॅमिक्स धरून इक्विलिब्रियम, लगेच त्याला लागून इलेक्ट्रोकेमिस्ट्री. जीओसी याच्याबरोबरीने रोज थोडं, आणि ते झालं की बारावीचं ऑरगॅनिक एका ओळीत. बाँडिंग करून कोऑर्डिनेशन. गणित कच्चं असेल तर इक्विलिब्रियमला मी म्हणतेय त्याच्या दुप्पट वेळ लागेल, तो दे. अकरावीचं गणित पक्कं असेल तर लवकर उरकेल. किती आठवडे, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि जो छापील वेळापत्रक देतो तोही सांगू शकत नाही.

मॉड्यूल्सचा ढीग उपसायच्या मागे लागू नको. अधिकृत संकेतस्थळावर ॲडव्हान्स्डचे जुने पेपर मोफत आहेत, ते उतरव. धड्यांप्रमाणे कापलेले पीवायक्यू (मागच्या वर्षांचे प्रश्न) नको, पूर्ण पेपर घे. प्रत्येक प्रश्नासमोर तो सोडवायला जेवढे धडे लागले त्या सगळ्यांची नावं लिही. चार-पाच पेपर झाले की तुझ्याच अक्षरात यादी तयार होईल, आणि त्यात कुठली नावं वारंवार येतात ते दिसेल. चुकलेल्या प्रश्नाला ‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडू नको. कुठल्या ओळीत चुकलं तिथे धड्याचं नाव लिही. पेपरचा साचा दरवर्षी बदलतो, मार्किंगही, म्हणून ‘यंदा अमुक प्रकारचे प्रश्न येणार’ असं सांगणाऱ्यांकडे कानाडोळा कर. पेपर हातात आला की आधी सूचना वाच.

भंवरकुव्याच्या क्लासहून घरी यायला आठ-साडेआठ होत असणार, त्यानंतर नवीन धडा सुरू करू नको. तेव्हा पाठांतर आणि चुकांची वही. नवीन आणि अवघड गोष्टी सकाळी.

बोर्डाच्या ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलकडे हुशार मुलं दुर्लक्ष करतात, त्याचं मला कायम नवल वाटतं. टायट्रेशन ८, सॉल्ट ॲनालिसिस ८, आणखी एक प्रयोग ६, प्रोजेक्ट आणि फाइल-व्हायव्हा प्रत्येकी ४. डिसेंबरात शाळेची लॅब रिकामी असते. सरांना किंवा मॅडमना विचारून दोन-तीन सॉल्ट स्वतःच्या हाताने कर, मोहर सॉल्टचं आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशनही कर. ऑक्झॅलिक गरम का करावं लागतं आणि मोहर सॉल्ट का नाही, हे व्हायव्हात विचारतात.

फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर लागले की ॲडव्हान्स्डचे प्रश्न बाजूला ठेव आणि पुस्तकाच्या भाषेत पूर्ण उत्तरं लिहायची सवय कर. बोर्डात मेकॅनिझमची प्रत्येक पायरी आणि एकक लिहिल्याचे मार्क असतात, नुसत्या उत्तराचे नाहीत. सॉलिड स्टेट, सरफेस आणि उरलेला पी-ब्लॉक बोर्ड संपल्यावर घे. एप्रिलची मेन्स आणि मेमधली ॲडव्हान्स्ड यांच्यामध्ये त्याला पुरेसा वेळ मिळतो, फक्त तोवर अकरावीचा बॅकलॉग शिल्लक नसला पाहिजे.